आई नाव न घेता गेली, आणि मी बाबांना खोटं सांगितलं

सप्रेम नमस्कार,

सात महिन्यांपूर्वी आई गेली. यकृताचा कर्करोग होता, शेवटी यकृतानं कामच सोडलं. आई मनापासून श्रद्धाळू. पहाटे उठून जपाला बसायची, आजारपणातही तिनं ते चुकवलं नाही. शेवटचे तीन दिवस मी तिच्याजवळ होते. बाबा येऊ शकले नाहीत. मांडीचं हाड मोडल्यामुळे ते घरी अंथरुणावर होते.

त्या तीन दिवसांत आई आई राहिली नव्हती. दिवसा झोपायची आणि रात्रभर जागी. ‘माझी पिशवी कुठाय? भरली का? गाडी चुकेल,’ असं सारखं चालायचं. माझी मावशी जाऊन वीस वर्षं झाली, पण ‘अक्का दारात उभी आहे, तिला आत घ्या’ म्हणायची. मला एकदा म्हणाली, ‘तू कोण गं? माझ्या मुलीला बोलवा.’ शेवटच्या रात्री आत्या तिच्या कानाशी बसून ‘वहिनी, नाव घ्या, देवाचं नाव घ्या’ असं एकसारखं म्हणत होती. आईनं डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाली, ‘नको मला तुमचा देव. गप्प बसा सगळे.’ त्यानंतर ती बोलली नाही. पहाटे गेली.

बाबांना फोन केला तर त्यांनी पहिलंच विचारलं, ‘शेवटी नाव घेतलं ना तिनं?’ मी ‘हो’ म्हणून गेले. ‘शांतपणे, नाव घेत गेली.’ आत्याही काही बोलली नाही.

आता बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगतात. पण गेले दोन महिने ते रात्री झोपत नाहीत. उशीला टेकून बसतात आणि ओठ हलत असतात. विचारलं तर म्हणाले, ‘झोपेत गेलो तर नाव राहून जाईल. तिला जमलं, मला जमायला हवं.’ मी त्यांना खरं सांगू का? आणि आई खरंच देवाला नाकारून गेली का? ‘अंते मति सा गति’ म्हणतात. मग तिची गती काय?

— एक मुलगी

प्रिय मुली,

वयानं तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. तुझं पत्र वाचताना मी एकाच ओळीपाशी पुन्हा पुन्हा अडले: ‘तिला जमलं, मला जमायला हवं.’ ही ओळ पत्रात नसती, तर मी कदाचित तुला म्हटलं असतं की राहू दे. पन्नासेक वर्षांची सोबत नुकतीच तुटलेल्या, जागचं हलता न येणाऱ्या माणसानं फोनवर विचारलं आणि तू ‘हो’ म्हणालीस. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण त्या एका ‘हो’ची आता बाबांसाठी परीक्षा झाली आहे. आई तिच्यात उत्तीर्ण झाली असं ते समजतात आणि रोज रात्री स्वतः त्या परीक्षेला बसतात. म्हणून त्यांना सांगायला हवं. तुझ्या मनावरचं ओझं उतरवायला नाही, त्यांच्या मनावरचं उतरवायला. हे मनाशी पक्कं ठेव, म्हणजे कधी आणि कसं सांगायचं ते आपोआप ठरेल.

पण त्याआधी आईबद्दल बोलू. तुझंच मन मोकळं झालं नाही, तर तू बाबांना काय सांगणार?

यकृत निकामी झालं की रक्तातला अमोनिया आणि तसलीच इतर द्रव्यं साफ होत नाहीत, ती मेंदूपर्यंत पोचतात. डॉक्टर याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. त्यात सुरुवातीलाच झोपेचं चक्र उलटं होतं: दिवसा पेंग, रात्री टक्क जाग. मग चिडचिड होते, स्वभाव पालटतो, वेळकाळाचं भान जातं, घरची माणसं परकी वाटू लागतात. हात पुढे ताठ धरायला सांगितले तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडतात. तू कदाचित पाहिलंही असशील, कदाचित तिला थंडी वाजतेय असं वाटून पांघरूण घातलं असशील. त्यानंतर ग्लानी येते आणि माणूस बोलेनासा होतो. तुझ्या पत्रातला क्रम जवळजवळ हाच आहे. आईच्या डॉक्टरांना एकदा भेट आणि सरळ विचार, ‘शेवटच्या तीन दिवसांत तिच्या मेंदूचं काय झालं होतं?’ हा प्रश्न विचारायला सात महिने हा काही उशीर नाही. यकृताचा आजार नसला तरी शेवटच्या दिवसांत बऱ्याच जणांना भ्रम होतो. मूत्रपिंड थकलेलं असतं, अंगात संसर्ग असतो, प्राणवायू कमी पडतो, वेदनेवरची औषधंही असतात. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली माणसं त्या दिवसांत शिव्या देतात, सलाईनची नळी उपटतात. जवळच्यांना ते मरणापेक्षाही जड जातं.

इथेच थांबून मी तुला म्हणू शकले असते की ‘नको मला तुमचा देव’ हे आईचे शब्द नव्हते, आजाराचे होते. पण असं सगळं अमोनियावर ढकलायला माझं मन घेत नाही. कारण मग दारात उभी असलेली अक्काही आजाराचीच म्हणावी लागेल. गोड तेवढं आईचं आणि कडू तेवढं आजाराचं, अशी सोयीची वाटणी मला प्रामाणिक वाटत नाही.

अक्काबद्दल आणि पिशवीबद्दल थोडं सांगते. अमेरिकेत बफेलोच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, डॉ. ख्रिस्तोफर कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५९ मरणासन्न रुग्णांशी दिवसेंदिवस बोलून नोंदी ठेवल्या आणि २०१४ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यातल्या सुमारे ८८ टक्के लोकांनी निदान एक तरी स्वप्न किंवा दर्शन सांगितलं. मरण जवळ येत गेलं तशी गेलेली माणसं जास्त दिसू लागली, आणि सगळ्यात मोठा दिलासा त्यांच्याच दिसण्यानं मिळाला. भ्रमात माणूस भेदरतो, विस्कटतो. हे अनुभव त्याहून निराळे असतात असं हे डॉक्टर मांडतात. तुझ्या आईच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी चाललं असावं. पिशवीचंही तसंच. मरणाऱ्यांची वर्षानुवर्षं सेवा केलेल्या मॅगी कॅलनन आणि पॅट्रिशिया केली या परिचारिकांनी १९९२ मध्येच लिहून ठेवलं होतं की शेवटी माणसं प्रवासाच्या भाषेत बोलतात. तिकीट, सामान, रांग, कुणीतरी न्यायला आलंय. ‘मी मरतेय’ असं न म्हणता ‘गाडी चुकेल’ म्हणतात. तुझी आई तीन दिवस निघायच्या तयारीत होती. बहीण न्यायला आली होती. फक्त पिशवी सापडत नव्हती.

आणि त्यात आत्या कानाशी.

आत्यावर राग धरू नकोस. वहिनीला जे सगळ्यात मौल्यवान वाटतं ते तिच्या ओठी यावं, एवढीच तिची धडपड होती. पण मरणाऱ्याच्या कानाशी बसणं ही हलक्या हातानं करायची गोष्ट आहे, आणि हे धर्मांनीही ओळखलं आहे. इस्लाममध्ये मरणासन्न माणसाला कलम्याची, म्हणजे श्रद्धेच्या मूळ वचनाची, आठवण करून देतात. त्याबद्दल धर्मशास्त्र्यांनी मुद्दाम सांगून ठेवलंय की हळुवारपणे आठवण द्या, एकदा म्हटलं की पुन्हा पुन्हा लावून धरू नका. जीव बेजार असतो, आग्रहानं तो वैतागेल आणि नको ते बोलून बसेल. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी अशाच खाटेजवळ बसलं असेल आणि हेच ऐकलं असेल, त्याशिवाय असा नियम कोण करेल? आईचे शब्द पुन्हा वाच. ‘नको मला तुमचा देव. गप्प बसा सगळे.’ ती ‘माझा देव’ म्हणाली नाही. जो आवाज थांबायला तयार नव्हता, त्याला तिनं थांबवलं. जन्मभर पहाटेच्या शांततेत जप केलेली बाई होती ती. तिला शांतता हवी होती, असं मला तरी वाटतं.

आता दुसरी शक्यता, जिला तू घाबरतेस. समजा ती खरंच रागावली होती. समजा इतकी वर्षं नाव घेऊन हे असं मरण वाट्याला आलं म्हणून एका क्षणी तिनं तोंड फिरवलं. तरी तो देवाशीच झालेला संवाद आहे गं. ज्याच्याशी नातं नाही त्याच्यावर माणूस असा चिडत नाही. बायबलमध्ये येशूचे शेवटचे शब्द चारही शुभवर्तमानांत सारखे नाहीत. लूकमध्ये तो आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवतो, योहानमध्ये ‘पूर्ण झालं’ म्हणतो. पण मार्क आणि मत्तय यांनी लिहिलंय ते असं: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ लिहिणारे त्याचे भक्त होते. ही आरोळी गाळणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी ती ठेवली, आणि त्यामुळे कुणाची श्रद्धा कमी झाली नाही. शिवाय ते वाक्य म्हणजे २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे टाकून दिल्याची तक्रारसुद्धा प्रार्थनेच्याच शब्दांत केलेली.

यातली कुठली शक्यता खरी, हे तू किंवा मी ठरवू शकत नाही. ठरवायची गरजही नाही.

माझी आई गेली तेव्हा मी तिच्या तोंडाशी कान लावून बसले होते. तीही अशीच, उठताबसता देवाचं नाव घेणारी. शेवटी ती काहीतरी मोठं बोलेल, मला आयुष्यभर पुरेल असं, याची मी वाट पाहत होते. ती म्हणाली, ‘खिडकी लाव गं, गार लागतंय.’ कडी गंजलेली होती, एका हातानं बसेना. मी उठून दोन्ही हातांनी दाबली, तेवढाच काय तो आवाज झाला. वळले तेव्हा तिचा श्वास थांबला होता. पुढे कितीतरी वर्षं कुणी ‘शेवटी काय म्हणाल्या?’ असं विचारलं की मी विषय बदलायची. आता बदलत नाही. तिला गार लागत होतं, आणि मी खिडकी लावली.

तुझ्या आईचं एक वाक्य मात्र तू चुकीचं ऐकलंस, असं मला वाटतं. ‘तू कोण गं? माझ्या मुलीला बोलवा.’ यातला पहिला अर्धा भाग तुला लागला. दुसरा ऐक. चेहरे पुसले गेले होते, दिवसरात्र पुसली गेली होती, आणि तरीही आपल्याला एक मुलगी आहे आणि ती आत्ता इथे हवी, एवढं तिला ठाऊक होतं. ती तुलाच बोलावत होती. अजामिळाची गोष्ट तुला माहीत असेल. मरताना तो देवाला हाक मारतच नव्हता, नारायण नावाच्या आपल्या धाकट्या मुलाला बोलावत होता. भागवत म्हणतं, ती हाकही पोचली.

आता गतीचं. हा प्रश्न तुझा आहेच, पण बाबांचा त्याहून जास्त आहे. ‘अंते मति सा गति’ ही म्हण आपण अर्धवट वापरतो. जो ज्या भावाचं स्मरण करत देह सोडतो त्याला तोच भाव मिळतो, हे गीतेच्या आठव्या अध्यायात सहाव्या श्लोकात आहे खरं. पण त्या श्लोकाचा शेवट ‘सदा तद्भावभावितः’ असा आहे. सदा. जन्मभर ज्यात मन मुरलेलं असतं, ते. आणि पुढच्याच श्लोकात ‘तस्मात् सर्वेषु कालेषु’ म्हणजे ‘म्हणून सर्व काळी’ स्मरण कर, असं सांगितलंय. शेवटच्या मिनिटाची वाट पाहत जागत बस, असं कुठेही म्हटलेलं नाही. तुझ्या आईचं ‘सर्व काळी’ झालेलं होतं.

याहूनही बाबांच्या कामाचं एक वचन आहे. श्रीवैष्णव, म्हणजे विष्णुभक्तांच्या एका परंपरेत ते वराह चरमश्लोक, वराहरूपातल्या विष्णूचं अंतिम वचन, म्हणून मानतात. त्यात देवच म्हणतो की शरीर धड असताना, मन स्वस्थ असताना ज्यानं माझं स्मरण केलं, तो मरताना ‘काष्ठपाषाणसन्निभ’, लाकडादगडासारखा पडला असला तरी, ‘अहं स्मरामि मद्भक्तम्’, माझ्या त्या भक्ताची आठवण मी ठेवतो आणि त्याला परम गतीला नेतो. शेवटी कुणी कुणाचं नाव घ्यायचं, तो क्रमच इथे उलटा झालाय. झोपेत गेलो तर काय, या बाबांच्या भीतीला माझ्या माहितीत याहून थेट उत्तर नाही. हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा ज्यांना ते मानतात अशा एखाद्या जाणत्या माणसाकडून कळलं तर जास्त बरं. तसं कुणी असेल तर त्यांना आधी भेट, सगळं सांग आणि घरी बोलाव.

सांगायचं कसं? सकाळी सांग. रात्री अजिबात नको, रात्र आधीच त्यांना जड जाते. आदल्या दिवशी आत्याशी बोलून घे. ती एवढे दिवस तुझ्यासाठी गप्प राहिली आहे, तिच्याही पोटात ते आहेच. ‘तुझ्यामुळे आई तसं बोलली’ हे मात्र तिला चुकूनही म्हणू नकोस.

सुरुवात कबुलीनं करू नकोस. ‘बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले’ असं म्हणालीस की पुढचं सगळं बोलणं तुझ्याबद्दल होईल, आणि तुला समजावण्यात ते स्वतःचं विसरतील. पिशवीपासून सुरुवात कर. ‘आई शेवटचे तीन दिवस पिशवी भरायला सांगत होती, गाडी चुकेल म्हणत होती.’ बाबा बायकोला तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतात. निघायच्या आदल्या रात्री ती पिशवी कशी दहादा उघडून बघायची, हे कदाचित तेच तुला सांगतील. मग अक्काचं सांग. मग यकृताचं, डॉक्टर म्हणाले तेच, साध्या शब्दांत. आणि मग म्हण, ‘शेवटी तिच्यात नाव घ्यायची ताकद नव्हती, बाबा. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते सांगवलं नाही.’ हे खरं आहे आणि एवढं पुरे आहे. ते तुझ्यावर रागावतील किंवा काहीच बोलणार नाहीत. दोन्ही चालेल. उठून जाऊ नकोस.

‘नको मला तुमचा देव’ हे वाक्य आपणहून सांगू नकोस. त्यांनी ‘ती नेमकं काय म्हणाली?’ असं सरळ विचारलं, तर लपवूही नकोस. कोण काय म्हणत होतं, किती वेळ म्हणत होतं, आणि मग ती काय म्हणाली, असं सगळं सांग. ते वाक्य एकटं, सुटं त्यांच्या हाती देऊ नकोस. आणि ‘आता लोकांना काय सांगू?’ असं ते म्हणालेच, तर सांग की कुणाकडे जाऊन काही दुरुस्त करायची गरज नाही. ती आपल्या घरातली गोष्ट आहे.

त्याच दिवशी किंवा थोड्या दिवसांनी त्यांना विचार की त्यांच्या वेळी त्यांना काय हवं. जवळ कोण हवं, कुणी नको. कानाशी नाव घेतलेलं आवडेल, की नुसता हात धरलेला. हे विचारणं अशुभ नाही. आईला विचारायचं राहून गेलं म्हणूनच तर ती रात्र तशी गेली. एक सांगून ठेवते, कारण त्याचा त्यांना आधार वाटेल. कॅनडातल्या संशोधकांनी मरणासन्न, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूच्या विद्युत्‌लहरी तपासल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. निदान काहींचा मेंदू आवाजाची निरोगी माणसाच्या मेंदूसारखीच दखल घेत होता. ऐकलेलं कळत असेल का, हे त्यावरून सांगता येत नाही. पण बाबांच्या ओठांत ताकद नसली, तर तू त्यांच्यासाठी नाव घेऊ शकतेस, हळू आवाजात, एकदाच. हे त्यांना कबूल कर.

आणि दोन महिने झोप नाही, हे नुसत्या बोलण्यावर सोडू नकोस. हाड मोडून अंथरुणाला खिळलेला, जोडीदार गेलेला म्हातारा माणूस रात्र रात्र जागतो, तेव्हा त्यात दुःख असतं, भीती असते, दुखणंही असतं. डॉक्टरांना घरी बोलाव आणि झोपेबद्दल स्पष्ट सांग. ‘या वयात झोप कमीच’ असं म्हणाले तर ऐकून घेऊ नकोस, ते रात्रभर काय करतात तेही सांग.

बोलून झाल्यावर पहिल्या रात्री तू त्यांच्या खोलीतच झोप. त्यांचे ओठ हलत असतील तर हलू देत, ती त्यांची जुनी सवय आहे. फक्त दिवा मालवताना म्हण, ‘बाबा, तुम्ही झोपा, मी जागी आहे.’

त्यांना झोप लागली का, ते मला कळव.